उजव्या हाताचे सेट

१५ एप्रिल

आजपासून मासेमारीला बंदी. मासळीची वीण होऊ द्यायची म्हणून दोन महिने एकही ट्रॉलर काशिमेडूच्या बंदरातून बाहेर पडणार नाही. बोटी नाहीत तर बर्फ कोणाला हवा? मालकाने कारखान्याच्या निम्म्या टाक्या बंद केल्या आणि आम्हा लादी ओढणाऱ्यांना दोन महिने घरी बसायला सांगितलं. बाकीचे तोंड पाडून बसलेत. मला मात्र घरबसल्या वेळ सापडल्यासारखं वाटतंय.

ठरलं म्हणजे ठरलं. ऑगस्टमधल्या 'मिस्टर हार्बर' शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं. वय सदतीस. शेवटचा स्टेजवर उभा राहिलो तेव्हा पोरगी याळिनी बायकोच्या, मल्लिगाच्या पोटात होती. आता ती सातवीत जाईल. बापाला तेल लावून पोझ देताना तिने फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलंय, आणि तो फोटो बघून हसते.

किंग्सली म्हणतो, "एळुमलै अण्णा, एक ढाल आण, पुढचं माझ्यावर सोड. आमच्या मालकाला ट्रेनर हवाच आहे." किंग्सली माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. धनपाल मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याच बाजूला उभा राहून लोखंड उचलायला शिकला. आता पेरंबूरला एसी जिममध्ये शिकवतो, छातीवर नावाची पट्टी लावून. ट्रेनर झालो तर बर्फ सुटेल. सोळा वर्षं झाली बर्फात.

व्यायामाचे सेट लिहून ठेवत जा हेही त्यानेच सांगितलं. सेट लिहायला बसलो आणि हे सगळं लिहीत गेलो.

१९ एप्रिल

मास्तरांनी टेपने दंड मोजले. डावा उजव्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरला. मी उजव्या हाताचा माणूस, बर्फात लोखंडी आकडा उजव्या हाताने मारतो, लादी उजव्या हाताने ओढतो. उलटं असायला हवं.

मास्तर म्हणाले, "बर्फाने खाल्लाय. सोळा वर्षं गारठलेला हात आहे, लेका. आता दोन महिने त्याला ऊब दे आणि काम दे, बघ कसा फुगतो."

पटलं. सकाळी बोटं आखडतात तीही त्यामुळेच. छाती, पाठ, दंड, सगळ्याचे सेट वाढवून दिले. दंडाला आठवड्याला चोवीस.

३० एप्रिल

किंग्सली आज शेडमध्ये आला. मास्तरांच्या पाया पडला आणि लगेच त्यांच्याशी भांडला. असंच असतं त्यांचं.

माझी वही बघून म्हणाला, "अण्णा, हे जास्त होतंय. एका स्नायूला आठवड्याला दहा ते वीस सेट पुष्कळ झाले. दहाच्या खालीसुद्धा वाढतं, पण थोडं. विसाच्या वर गेलास की मेहनत दुप्पट आणि फायदा चिमूटभर. फक्त सेट खरा हवा. शेवटचे दोन-तीन उचलताना डोळ्यांपुढे तारे चमकले पाहिजेत."

मास्तर बाकावर बसून चहा पीत होते. "कोण म्हणतं?"

"संशोधन झालंय मास्तर. शेकडो माणसांवर मोजलंय."

"त्यांतला एक तरी इथे पाठव. माझ्यासमोर शर्ट काढू दे."

सगळी पोरं हसली. किंग्सलीही हसला. मग मास्तर म्हणाले, "शरीर म्हणजे बहिरं जनावर आहे. एकदा सांगून ऐकत नाही. दहादा सांग, वीसदा सांग. नाही ऐकलं तर तीसदा."

मला दोघांचंही खरं वाटतं. पण स्टेजवर मास्तरांनी चढवलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. चोवीसच ठेवतो.

९ मे

मांस जागं होतंय!

दुपारी चटईवर पडलो होतो. उजव्या दंडावर कातडीखाली बारीक बारीक काही उडायला लागलं. पावसाचे थेंब पाण्यावर पडावेत तसं. मी हलवत नव्हतो, आपोआप. याळिनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ई, अप्पा, आत किडे आहेत का?" आणि मग बोट लावून मोजत बसली.

संध्याकाळी मास्तरांना दाखवलं. ते खूश. "नाचतंय ना? म्हणजे वाढणार. ऐकायला लागलं शेवटी."

पाच अंड्यांचं पांढरं, नाश्त्याला इडल्या सहा, दुपारी बीफ पाव किलो. मल्लिगा म्हणते, आमच्या घरात दोनच माणसं जेवतात आणि एक भट्टी.

१८ मे

मल्लिगाशी वाजलं. कारण इतकंसं. सकाळी तिला बंदरावर जायचं होतं. बंदीतही ती छोट्या होड्यांची मासळी घेऊन विकते, घर आता तिच्यावरच चाललंय. म्हणाली, कडी काढा, माझे हात भरलेत. मला कडी निघेना. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत जोरच येईना. शेवटी डाव्या हाताने काढली.

ती टोपली खाली ठेवून माझा पंजा बघत बसली. "इथे खड्डा पडलाय," म्हणाली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा. दोन्ही पंजे शेजारी धरले तर फरक दिसतो खरा.

"दवाखान्यात चला."

"लोखंड उचलून दमलाय हात. दमलेल्या हाताला दवाखाना कशाला?"

"दमलेला हात झोपून उठला की बरा होतो. हा होतोय का?"

मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती टोपली डोक्यावर घेऊन गेली, मागे न बघता. रात्री मात्र तिळाचं तेल गरम करून तासभर पंजा चोळला तिने.

१ जून

उजवा अजून पाव इंच घटला. डावा अर्धा इंच वाढला. बर्फाला हात लावून दीड महिना झाला, मग आता काय खातंय त्याला?

किंग्सलीला पेरंबूरला जाऊन भेटलो. काचेच्या दाराआड बायकापुरुष आरशासमोर पळत होते, सगळ्यांच्या कानात काही ना काही खुपसलेलं. त्याने मला दोन्ही हात समोर धरायला लावले आणि एकेक दाबून बघितला. मग म्हणाला, "अण्णा, दोन्ही हातांना सेट सारखेच करतोस ना?"

"सारखेच. खोटं कशाला करू?"

"जेवण एकच, झोप एकच, सेट तेच. डावा वाढला. म्हणजे सेट पुरेसे होते. मग उजव्याला ते कमी पडले असं कसं म्हणायचं?"

मी दोन्ही हात खाली घेतले.

"हा सेटचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "डॉक्टरला दाखव. मी येतो सोबत."

मनात आलं, हा मला घाबरवतोय. सदतिसाव्या वर्षी मी ढाल नेली तर त्याच्या दहा-वीसच्या हिशेबाचं काय? लगेच वाटलं, किंग्सली तसा नाही. पण बसमध्ये पुन्हा तेच मनात आलं.

मास्तर म्हणाले, "उजवा हट्टी आहे. पोरंसुद्धा सगळी सारखी नसतात, एकाला समजावून चालतं, दुसऱ्याला धपाटा लागतो." उद्यापासून उजव्याला एकट्याला दहा सेट वेगळे. किंग्सलीला सांगायचं नाही.

१५ जून

बंदी उठली. रात्रभर बोटींचे भोंगे. बंदर पुन्हा जिवंत झालं, टाक्या सगळ्या सुरू. पहाटेपासून लाद्या ओढल्या. दोनदा आकडा हातातून निसटला. सगळे मला "पैलवान, रजेवर अंग सैल पडलं का?" म्हणून चिडवत होते, मीही हसलो.

२४ जून

लादी सुटली. उतरणीवरून घसरत गेली आणि फुटली, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पायापासून हातभर अंतरावर. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर त्याचा पाय गेला असता.

मालक भला माणूस आहे. ओरडला नाही. म्हणाला, "तू उद्यापासून गाड्यांच्या चिठ्ठ्या लिही. बसून काम." चिठ्ठ्या लिहायला बसलो तर अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. पेन धरायला अंगठा वळत नाही. आता पेन पहिल्या दोन बोटांमध्ये खोचून लिहितो, ही वहीसुद्धा.

उजव्याला पंधरा सेट वेगळे. डंबेल हाताला फडक्याने बांधून घेतो. उचलतोय तर खरं.

८ जुलै

आज पाच किलोचा डंबेल उचलला नाही. पाच. शेडमध्ये पहिल्या दिवशी येणारं पोर दहाचा उचलतं. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, शेवटी खांद्याने झटका देऊन वर नेला. मास्तर पाठ करून दुसऱ्याला शिकवत होते. मला वाटतं त्यांनी बघितलं.

सध्या दोन्ही दंड नाचतात, डावाही. मास्तरांना सांगितलं तेव्हा पूर्वीसारखं हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

२९ जुलै

मल्लिगा म्हणाली, स्पर्धा होऊन जाऊ दे, मग मी म्हणेन तिथे यायचं. मी हो म्हटलं. तिने माझा हात याळिनीच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं.

मास्तर म्हणतात, "नको उतरूस, पुढच्या साली बघू." सोळा वर्षांच्या ओळखीत हे तोंड पहिल्यांदाच असं बोललं. मी म्हटलं, डावा, छाती, पाय सगळं तयार आहे, एका हाताने काय होतं? पंच काय एकच हात बघतात?

१३ ऑगस्ट

काल झालं एकदाचं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

शाळेच्या मैदानात मांडव होता. गर्दी मरणाची. मल्लिगा आणि याळिनी पुढे खुर्च्यांवर बसल्या होत्या. याळिनीने वर्गातल्या दोन मैत्रिणी आणल्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. मास्तरांनी स्वतः तेल लावलं. उजव्या हाताला लावताना हात हलकाच ठेवला त्यांनी, दुखेल की काय असा.

समोरून उभा राहिलो तोवर ठीक होतं. पाय बघून टाळ्याही पडल्या. मग माइकवरच्या माणसाने सांगितलं, दोन्ही हात वर, दंड दाखवा. दोन्ही वर केले. डावा आला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला, पुढे जाईना. मनगट खाली लोंबत होतं. मी दात आवळून ढकलतोय, आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

मागून कोणीतरी ओरडलं, "एक हात भाड्याने आणलाय काय रे?"

सगळा मांडव हसला. पंचांपैकीही एक हसला आणि मग त्याने तोंड पुसलं.

मी याळिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. मैत्रिणींकडे बघत होती, त्या हसतायत का ते.

मल्लिगा उठली. साडी सावरत सरळ स्टेजपाशी आली आणि टॉवेल वर धरला. माइकवरचा माणूस म्हणाला, "बाई, अजून संपलं नाही." ती म्हणाली, "आमचं संपलं. खाली या हो."

मी खाली आलो.

२१ ऑगस्ट

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिसरा दिवस. किंग्सली रजा टाकून सोबत आहे. स्नायूत सुया खुपसून आतला आवाज ऐकतात. यंत्रातून गोळीबारासारखा आवाज येत होता. मी विचारलं, हा माझ्या हाताचा? यंत्रावर बसलेला पोरगा हो म्हणाला. दंडात अजून एवढा जोर शिल्लक आहे म्हणायचा.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. हात बघायचं सोडून मला जीभ बाहेर काढायला लावली आणि किती वेळ जिभेकडेच बघत राहिल्या. हाताचं दुखणं, जिभेत काय मिळणार? मग विचारलं, "हे अंगावर उडतं ते कधीपासून?"

मी म्हटलं, "मेपासून. आमचे मास्तर म्हणाले वाढीचं लक्षण आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं.

२८ ऑगस्ट

नसेचा आजार आहे. बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूपासून मांसापर्यंत तार असते, ती सुकतेय. हुकूम पोचत नाही म्हणून मांस वितळतं.

मी विचारलं, "मग किती सेट केले म्हणजे परत भरेल?"

त्यांना कळलं नाही. किंग्सलीने समजावून सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "व्यायामाने हे आलेलं नाही, आणि व्यायामाने जाणारही नाही. थोडं चाला-फिरा. दमू नका."

"कमी केले तर?"

"कमी-जास्तचा प्रश्न नाही हा."

सकाळ-संध्याकाळ एक गोळी दिलीय. मल्लिगा आत थांबली, मला किंग्सलीबरोबर बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने आली. तोंड धुतलेलं होतं, पदराला पाणी. म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेतल्या तर आराम पडतो म्हणतायत."

तार म्हणजे कुठेतरी जोडताही येत असणार. पुढच्या साली नाही तर त्याच्या पुढच्या साली.

मास्तरांना सांगायला गेलो. ते शेडच्या बाहेरच उभे होते. म्हटलं, मास्तर, बाई म्हणाल्या सेटमुळे झालेलं नाही. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर लोक तोंडावर चांगलंच बोलतात." आत गेले नाहीत. मी निघेपर्यंत तसेच उभे.

१९ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितोय. दोन ओळींतच दमतो.

सांबाराचा घोट उलटा फिरला, खोकून जीव गेला. याळिनी पाठ चोळत होती. दाढ दुखतेय, त्यामुळे असेल. बोलताना जीभही जड वाटते.

६ ऑक्टोबर

थांबत थांबत लिहितोय. एकटा हॉस्पिटलात गेलो. मल्लिगा बंदरावर होती. बसमध्ये चढताना कंडक्टरने दंडाला धरून वर घेतलं. दंड त्याच्या मुठीत मावला.

बाई ओळखीचं हसल्या. मी म्हटलं, "माझ्या बायकोला जे सांगितलंत ते मला सांगा."

"तिने हात जोडून सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नका."

"मी लोखंड उचलणारा माणूस आहे, बाई. वजन किती ते आधी विचारतो, मग हात लावतो."

त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. दोन वर्षं. एखाद्याला तीन, एखाद्याला त्याहून कमी. दुसरा हात, मग पाय. बोलणं, गिळणं. शेवटी श्वास. गोळीने दोन-तीन महिने लांबतं.

"आणि डोकं?"

"बहुतेकांचं शेवटपर्यंत शाबूत असतं. सगळं कळतं."

मी हसलो. का हसलो कळत नाही. त्याही थोड्या हसल्या.

येताना खिडकीशी बसलो. समुद्र दिसत होता.

मल्लिगाला सांगणार नाही. तिला वाटतं मला माहीत नाही. तेवढ्यावर ती उभी आहे.

१४ ऑक्टोबर

किंग्सली मासे घेऊन आला. त्याच्या जिममधल्या गमती सांगत होता. जाताना म्हणाला, "अण्णा, मी एप्रिलमध्येच तुला उचलून न्यायला हवं होतं."

म्हटलं, "नेलं असतंस तर काय झालं असतं?"

त्याने पायात चप्पल सरकवली. खोटं बोलता येत नाही त्याला. "काही नाही," म्हणाला.

२ नोव्हेंबर

आता मल्लिगा शर्ट घालून देते. बंदरावरून आली की मीठपाण्याने तिची बोटं ताठलेली असतात, तरी बटणं पटापट लावते. मी वरून खाली लावायचो. ती खालून सुरू करते.

आज लावता लावता म्हणाली, "थंडी सरली की बरं वाटेल. पुढच्या साली याळिनीला घेऊन स्पर्धा बघायला जाऊ." म्हटलं, "बघायला कशाला, उतरेन की." माझा उच्चार नीट आला नाही. तिला कळलं. म्हणाली, "हो, उतरा."

शेवटचं बटण गळ्याशी येतं. ते लावायला मला मान वर करावी लागते, आणि तोंड तिच्या तोंडासमोर येतं, वीतभर अंतरावर. दुसरीकडे बघायला जागाच नसते.

तिने डोळे मिटून बटण लावलं. मीही मिटले.